मीठ कमी पडलं

भाऊजींना पलीकडच्या किनाऱ्यावरच्या दवाखान्यातून बोटीनं घरी आणलं तेव्हा थंडी नुकती बोचायला लागली होती. पोट उघडून जठराचा बराचसा भाग काढून टाकला होता. धक्क्यापासून घरापर्यंतची चढण चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून पार केली. एकेकाळी दोन्ही हातांत ओल्या टोपल्या घेऊन हीच चढण ते शीळ घालत चढायचे. दारादारांतून माणसं बाहेर येऊन बघत होती. दुसऱ्या दिवसापासून मात्र तीच माणसं हातात पुडकं घेऊन यायला लागली.

पुडक्यात काय आहे ते आमच्या बेटावर कुणी विचारत नाही. बाळंतिणीला, म्हाताऱ्याला आणि पोट चिरलेल्या माणसाला भेटायला जाताना एकच वस्तू न्यायची, समुद्रकाकडी, म्हणजे तळाशी सरपटणारा काकडीच्या आकाराचा काटेरी जीव. वर्षातला सगळ्यात लहान दिवस उजाडला की थंडीचे नऊ-नऊ दिवसांचे नऊ टप्पे सुरू होतात. ते संपेपर्यंत रोज सकाळी उपाशीपोटी एक खायची. मग वर्षभर खोकला नाही, सांधे धरणं नाही, असं आमच्या आज्या सांगत आल्या आणि आम्ही ऐकत आलो.

सगळ्यांत आधी शेजारच्या मु काकू आल्या. पायरीवरूनच त्यांचा आवाज आला.

"फंगलान, दार उघड गं! माझ्या जावयाच्या तळ्यातला माल आणलाय. बघ, काटे कसे उभे आहेत, चार रांगा मोजून घे."

फंगलान म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. त्या बिचाऱ्या हात पुसत पुढे झाल्या. मु काकू तोवर ओट्याच्या कडेला टेकल्यासुद्धा. भाऊजी चुलीच्या उबेवर तापलेल्या त्या विटांच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"वानशुन, ऐकतोस का? हा प्राणी घाबरला की आपली सगळी आतडी ओकून टाकतो. आणि महिना-दोन महिन्यांत पुन्हा नवी उगवतात त्याला. मग तुझ्या पोटाची एवढीशी शिवण भरून यायला किती वेळ लागणार?"

"काकू," भाऊजी भिंतीलाच सांगावं तसं बोलले, "तुमच्या जावयाच्या तळ्यातला माल खाऊन उगवत असेल, तर त्याला आधी थोडी अक्कल उगवू दे."

"हो रे हो! मेलास तरी जीभ शेवटी मरेल तुझी." काकू हसल्या, पण उठताना डोळे पुसून गेल्या.

पुडकं जाऊबाईंनी फळीवर ठेवलं. त्याच्या शेजारी आणखी पुडकी जमत गेली. भाऊजींनी एकालाही हात लावला नाही. राळ्याची पेज चार चमचे घ्यायचे, अंड्याचं पांढरं कधी गिळायचे, कधी नाही. जखमेच्या एका कोपऱ्यातून पाणी येत राहिलं. गाल आत गेले. हनुवटीवरचे खुंट पांढरे दिसायला लागले.

मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, युनश्या. मधलं अंगण ओलांडलं की माझं घर. माझे मालक, वानफु, समुद्रात गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. ते गेल्यावर मी टेकडीवरच्या मठातल्या गुरुमाईंकडून नेम घेतले. जीव मारायचा नाही, मांसमासळी खायची नाही, दुसऱ्याचं घ्यायचं नाही, खोटं बोलायचं नाही. सकाळी कुणाशीही बोलण्याआधी एक माळ जप, संध्याकाळी दिवसभराच्या बोलण्याचा हिशेब देवीपुढे द्यायचा. असं करत दिवस जातात. मला मूल नाही. जाऊबाईंचा मुलगा लांब दक्षिणेत कारखान्यात आहे, तो फोन करतो.

जाऊबाईंचा नेम एकच, पण तो त्यांनी लग्न होऊन आल्यापासून मोडला नाही. भाऊजींच्या ओट्यासमोरच्या कोनाड्यात सागरमातेची लहान मूर्ती आहे. पहाटे हातपाय धुऊन त्या तिच्यापुढे शेंगदाण्याच्या तेलाचा दिवा लावतात. वात बोटांनीच वर सारतात. आणि दिवा लावलेला हात त्या धुवत नाहीत. त्यांच्या माहेरची ही रीत. त्या हातात देवीची कृपा असते, तो आधी घरातल्या माणसांवरून फिरवायचा. भाऊजी समुद्रात जायचे तेव्हा त्यांच्या कपाळाला, मुलगा लहान होता तेव्हा त्याच्या टाळूला, घरात कुणी नसलं तर पाण्याच्या रांजणाला. आता त्या रोज पहाटे भाऊजींच्या पोटावरच्या पट्टीवरून तो हात फिरवायच्या. भाऊजी डोळे मिटून पडून राहायचे. त्या एका गोष्टीला त्यांनी कधी नको म्हटलं नाही.

"तूच विचार त्यांना," एका दुपारी जाऊबाई मला अंगणात गाठून म्हणाल्या. "तुझं ऐकतात. माझं तर त्यांना वाऱ्यासारखं झालंय. काकड्या का खात नाहीत ते तरी सांगा म्हणावं. इतकी वर्षं तोंडाला लावली नाहीत, बरं, तब्येत चांगली होती. आता जीव जायची वेळ आली तरी कसला हा हट्ट?"

भाऊजींनी समुद्रकाकडी खाणं माझे मालक गेले तेव्हाच सोडलं होतं, हे मला ठाऊक होतं. दुःखात माणूस काहीतरी सोडतो, मी नाही का मासळी सोडली, तसंच असेल असं मी धरून चालले होते.

मी जाऊन ओट्याच्या कडेला बसले. खिडकीच्या काचेवर बर्फाची फुलं धरली होती.

"भाऊजी, एक विचारू?"

"फंगलाननं पाठवलं ना?"

"हो."

ते थोडंसं हसले. मी बसून राहिले, मला बसायची सवय आहे.

"युनश्या, तो प्राणी काय खातो, तुला माहीत आहे?"

"चिखल खातो की. वाळू गिळतो."

"चिखलात असतं काय पण? वरून जे जे मरतं ते खाली येतं. शेवाळ, मासे, खेकड्यांची कवचं, सगळं कुजून तळाला बसतं. हे आपले तोंडापुढचं गिळत सरकतात. घ्यायचं ते अंगात घेतात आणि मागे धुतल्यासारखी स्वच्छ वाळू टाकतात. डोळे नाहीत, डोकं नाही. त्यांना काय कळतंय काय गिळलं ते." त्यांना धाप लागली. मी पाण्याचा चमचा पुढे केला, त्यांनी मान हलवली. "वानफु तिथंच आहे ना. तळाशी. आपल्याला सापडला कुठे तो?"

मी चमचा खाली ठेवला.

"लोक म्हणतात तळ्यातला माल खा. तळ्यातलं पाणी काय आभाळातून येतं? भरतीचंच येतं. समुद्र एकच आहे. माझ्या तोंडापर्यंत आलं की मला वाटतं, यात त्याचं काही असेल. मी माझ्या भावाला खाऊन बरा होऊ?"

जाऊबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं. त्या तशाच मागे फिरून चुलीशी गेल्या आणि उगाच लाकडं सारत बसल्या.

मी घरी आले. त्या संध्याकाळी माळ हातात धरली पण मणी पुढे सरकेनात. मन त्या दिवसाकडेच जात राहिलं.

तेव्हा नळीतून हवा घेऊन बुडणारे नव्हते. दोघं भाऊ अंगावर जवळपास काही न घेता, डोळ्यांवर काच बांधून, छातीत दम भरून खाली जायचे. हिवाळ्याच्या तोंडाशी काकड्या खडकांतून बाहेर येतात, उन्हाळाभर त्या दगडांखाली झोपलेल्या असतात. पाणी हाड गोठवणारं. म्हणून एक जण खाली जाई आणि दुसरा खडकावर शेकोटी पेटवून अंग शेकत बसे. मग पाळी बदलायची. पाण्यावर वाळका भोपळा तरंगत असे, त्याला जाळी बांधलेली. वर आला की पकडलेला माल जाळीत टाकायचा, दम भरायचा, परत खाली. त्या दिवशी पाळी वानफुची होती. ते जाळीत माल टाकून खाली गेले. भोपळा तरंगत राहिला. भाऊजी शेकोटीजवळ होते.

माणसं होड्या घेऊन शोधायला गेली. कुणीतरी ती जाळी आणून माझ्या अंगणात टाकली. मी चौकात उभी होते. पण जाळीतल्या काकड्या मऊ पडायला लागल्या होत्या. हा जीव पाण्याबाहेर जास्त वेळ राहिला तर आपोआप विरघळतो, शेंबूड होतो नुसता. माझ्या हातांनी विळी घेतली. एकेक चिरली, आतलं काढलं, मोठ्या कढईत उकळली, मीठ लावलं. घरातलं थंडीसाठी साठवलेलं मडकंभर मीठ मी त्यांच्यावर रिकामं केलं. मला वाटत होतं ते येतील आणि म्हणतील, माल वाया घालवलास ना. पुढे ते आलेच नाहीत. टेकडीवर त्यांचं थडगं आहे, त्यात त्यांचे कपडे आहेत. आणि राख लावून वाळवलेल्या त्या काकड्या मी कापडी पिशवीत घालून छपराच्या तुळईला टांगल्या. विकल्या नाहीत, खाल्ल्या नाहीत. त्यांच्या हाताने पकडलेलं तेवढंच माझ्या घरात होतं.

त्या जाळीतल्या काकड्या वानफु जिवंत असताना वर आलेल्या होत्या. काकड्यांनी जे काही गिळलं होतं, त्यात वानफु नव्हते.

सकाळी जप झाल्यावर मी शिडी लावून पिशवी खाली काढली. धूळ झटकली. आत सगळ्या काळ्या, आक्रसलेल्या, बोटाएवढ्या, दगडासारख्या टणक. मूठभरच होत्या. अंगण ओलांडून मी त्या भाऊजींच्या उशाशी नेऊन ठेवल्या.

"काय आहे?"

"यांच्या जाळीतल्या आहेत. शेवटच्या दिवसाच्या. ते बुडायच्या आधीच्या, भाऊजी."

त्यांनी एक उचलली. अंगठ्याने राख पुसली. काटे चाचपले. मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"तुझ्याकडे दुसरं काही नाही त्याचं," ते म्हणाले.

"तुम्ही आहात की."

हे मी मुद्दाम ठरवून बोलले नव्हते. पण खरं होतं ते. वानफु गेल्यावर माझ्या घराचं छप्पर, माझं सरपण, माझी आजारपणं, सगळं भाऊजींनी पाहिलं. माझ्यासमोर त्यांनी कधी मान वर करून बोलायचं धाडस केलं नाही, जणू माझं काही चोरून बसले आहेत.

"एक-एकच भिजव," थोड्या वेळाने ते म्हणाले. "सगळ्या नको."

जाऊबाई चुलीशीच होत्या, त्या तडक आल्या. "एक-एक कसली भिजवायची? इतक्या जुन्या, एक भिजायला आठवडा घेतील. रोज सकाळी एक मिळायची तर सगळ्या एकदम भिजायला हव्यात. तुम्ही खाणार म्हणालात ना? म्हणालात की नाही?"

"म्हणालो बाई, म्हणालो."

"मग झालं तर. युनश्या, घाल सगळ्या."

त्या दिवशी जाऊबाई पुष्कळ दिवसांनी गुणगुणत होत्या.

मी नेमाची बाई, असल्या वस्तूला हात लावायचा की नाही, असं कुणाच्या मनात येईल. पण आजाऱ्यासाठी राबायला हरकत नाही असं गुरुमाईंनीच मला सांगितलेलं आहे. मी माझ्या देवघरातलं मडकं काढलं, ज्यात मी नैवेद्याची साधी पेज शिजवते. त्याला तेलाचा थेंब कधी लागलेला नाही. समुद्रकाकडी भिजवायची तर भांड्याला, हाताला, पाण्याला तेलातुपाचा वाससुद्धा चालत नाही, हे आमच्या बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल. तेल लागलं की ती विरघळते. तरी जाऊबाईंनी ते मडकं पुन्हा राखेने घासलं, उकळतं पाणी ओतलं, उन्हात पालथं घातलं.

आधी थंड पाण्यात भिजवल्या. बोटाने दाबल्यावर थोड्या दबल्या तेव्हा पोटं कात्रीने उघडली, तोंडाकडची चुन्यासारखी टणक चकती कापून टाकली, आतले पट्टे जागोजागी तोडले. मंद आचेवर उकळल्या. पुन्हा थंड पाण्यात ठेवल्या. रोज पाणी बदललं. हळूहळू त्या फुगायला लागल्या. आक्रसलेल्या होत्या त्या लांब झाल्या, काटे उभे राहिले, काळ्या अंगाला झळाळी आली. मला ते बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. जणू काल संध्याकाळी पकडून आणल्या आहेत.

पहिली तयार झाली ती मीच राळ्याच्या पेजेत घालून नेली. भाऊजींनी दोन्ही हातांनी वाटी धरली. समुद्रकाकडीला स्वतःची अशी चव नसते. दातांखाली ती थोडी निसटते, थोडी अडते, तेवढंच. ते खूप वेळ चघळत राहिले.

"कशी आहे?" जाऊबाई.

"घट्ट आहे." त्यांनी गिळली. "आता अशा मिळत नाहीत. त्या खडकाच्या पलीकडच्या अंगाच्या आहेत या. मी त्याला सांगितलं होतं तिकडे जाऊ नको, तिकडे ओढ आहे." मग वाटी पुढे करून म्हणाले, "आणखी पेज आहे का?"

जाऊबाई पळतच चुलीकडे गेल्या. त्या दिवशी त्यांनी पूर्ण वाटी संपवली. दुसऱ्या दिवशीही एक खाल्ली. दुपारी उठून बसले. मु काकू आल्या तर त्यांना म्हणाले, "काकू, जावई आहे का अजून, की बुडाला स्वतःच्याच तळ्यात?"

"आहे रे, तुझ्या नाकावर टिच्चून आहे!" काकू आनंदाने मांडीवर थाप मारून म्हणाल्या. "अगं फंगलान, याच्या गालावर रंग आलाय बघ!"

मला वाटतं खरंच आला होता. किंवा खिडकीतून ऊन येत असेल.

तिसऱ्या दिवशी चांद्रमासाची पहिली तिथी आली. त्या दिवशी मी पहाटेच टेकडीवर मठात जाते आणि दुपारचं जेवण तिथेच घेऊन खाली येते. जाताना मी जाऊबाईंना सांगितलं, आजचं पाणी तुम्ही बदला. त्या म्हणाल्या, "मला काय शिकवतेस? तुझ्या आधी या बेटावर आले मी."

खाली आले तर अंगणात कुणी नव्हतं. चुलीतली लाकडं विझत आलेली. जाऊबाई मडक्यापुढे उकिडव्या बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"युनश्या," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इकडे ये गं. मला सांग हे काय झालं."

मडक्यातलं पाणी गढूळ झालं होतं. काकड्या तळाशी एकमेकींवर पसरल्या होत्या. मी डाव घालून एक उचलली, ती डावाच्या दोन्ही बाजूंनी ओघळून परत पाण्यात गेली. दुसरीही तशीच. काटे नव्हते, पाठ नव्हती, पोट नव्हतं. नुसता काळपट, लांब तुटणारा लगदा.

"मी फक्त पाणी बदललं. पहाटे देवीचा दिवा लावला, यांच्या पट्टीवरून हात फिरवला आणि सरळ इथंच आले. पाणी बदललं, म्हटलं या पाण्यावरही देवीचा हात असू दे, म्हणून जरा बोटं बुडवली. बाकी काही नाही. भांडं तर मी राखेनं घासलंय, तुझ्यासमोर घासलंय. तेल येणार कुठून?"

पाण्यावर, कडेला, एक लहानसं गोल वर्तुळ तरंगत होतं. पिवळसर. मी डाव आत सोडला तसं त्याची दोन झाली.

जाऊबाईंना ते दिसत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणूनही असेल. पण दिसलं असतं तरी त्यांना कळलं असतं असं मला वाटत नाही. चुलीशी फोडणीचं तेल असतं, दुकानातलं तेल असतं, त्याला त्या जपल्या असत्या. देवीच्या दिव्यातलं ते तेल नव्हतंच त्यांच्या लेखी. सगळं आयुष्य ज्या हाताने त्यांनी घरातली माणसं जपली, तो हात त्यांनी त्याच भरवशावर पाण्यात घातला होता.

"काय झालंय? मडकं इकडे आणा," आतून भाऊजींचा आवाज आला. ते उठून बसले होते. घरात कुणी मोठ्याने बोलत नाही म्हटल्यावर त्यांना समजलं असावं.

आम्ही दोघींनी मडकं उचलून ओट्यावर नेलं. त्यांनी आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हात घातला, तर्जनी आणि अंगठ्यात थोडा लगदा धरून चोळला आणि बोटं नाकाशी नेली. समुद्रकाकडीवर जन्म काढलेला माणूस तो. मी त्यांचं तोंड बघत होते. त्यांची नजर समोरच्या कोनाड्यातल्या दिव्यावर गेली. दिवा शांत जळत होता. तिथून ती जाऊबाईंच्या हातावर आली आणि मग माझ्यावर येऊन थांबली.

"मीठ कमी पडलं होतं," ते म्हणाले.

जाऊबाईंनी वर बघितलं.

"इतकी वर्षं टिकायची तर मीठ भरपूर लागतं. तेव्हा कमी पडलं असणार. आतून दमट राहिल्या. कधी ना कधी हे होणारच होतं." त्यांनी बोटं पांघरुणाला पुसली. "युनश्या, तूच घातलं होतंस ना मीठ?"

त्या दिवशी मी मडकं रिकामं केलं होतं. मीठ बोटांच्या चिरांत जाऊन महिनाभर झोंबत होतं. पुढे सगळी थंडी आम्ही मु काकूंकडून मीठ आणून काढली, हे भाऊजींना माझ्याइतकंच माहीत होतं. ते माझ्याकडे बघत होते. मागत होते काहीतरी.

"हो," मी म्हणाले. "माझ्याकडूनच कमी पडलं."

जाऊबाई एकदम वळल्या. "कमी पडलं? आणि हे आत्ता कळतंय? एवढं तरी नीट करायचं होतंस गं! एवढी एक वस्तू होती!" आणि मग त्या मोकळेपणाने रडायला लागल्या, कारण आता त्यांना कुणावर तरी रागावता येत होतं. भाऊजींनी डोळे मिटले.

तो लगदा मी खाली नेऊन खडकांमध्ये ओतला. भरतीचं पाणी येत होतं. एक लाट आली, दुसरी आली, आणि खडक धुतल्यासारखा झाला. त्या संध्याकाळी देवीपुढे बसले, दिवसाच्या बोलण्याचा हिशेब सांगायची वेळ आली. मी काही सांगितलं नाही. तिला दिसत असणार म्हणून नुसता दिवा लावला आणि बसले.

भाऊजींनी त्यानंतर दुसऱ्या कुणाच्या काकड्या खाल्ल्या नाहीत. फळीवरची पुडकी जाऊबाईंनी एकेक करून काढली, समोर धरली, विनवलं, शिव्या दिल्या. ते मान हलवायचे. पेज पुन्हा चार चमच्यांवर आली. जखमेचं पाणी थांबलं नाही. पहाटे जाऊबाई दिवा लावून त्यांच्या पट्टीवरून हात फिरवायच्या तेव्हा ते त्यांचं मनगट हलकेच धरून ठेवायचे, पूर्वी कधी धरत नसत. मला एकदाच, जाऊबाई विहिरीवर गेल्या असताना, म्हणाले, "तुझा नेम मोडला ना माझ्यापायी."

"असू दे, भाऊजी."

"दोन खाल्ल्या मी त्याच्या. पुष्कळ झालं."

थंडीचे नऊ टप्पे पुरे व्हायच्या आधीच ते गेले. समुद्राच्या कडेला अजून बर्फाचा पापुद्रा होता. वानफुच्या कपड्यांच्या थडग्याशेजारी जागा होती, तिथे त्यांना ठेवलं. मुलगा आला, बापाला परलोकात लागतील म्हणून कागदी पैसे जाळले, डोक्याचं सुतकाचं पांढरं फडकं सोडलं आणि परत गेला. आजार मोठाच होता, दोन काकड्यांनी काय व्हायचं होतं आणि सगळ्यांनी तरी काय, असं मुलगा म्हणाला. असेलही. मला सांगता येणार नाही.

जाऊबाई माझ्याशी बोलतात. पूर्वीसारखं नाही. वसंतात काकड्यांचा दुसरा हंगाम लागला की बायका अंगणात मीठ लावत बसतात, तेव्हा त्या माझ्यापुढे मिठाचं मडकं सरकवून म्हणतात, "घाल, घाल, हात आखडू नको या वेळी." मु काकू मग उगाच खोकतात आणि दुसरा विषय काढतात. मीठ मी लावत नाही, शेजारी बसून धागे ओवते. पण ऐकून घेते.

परवा पहाटे मी जप आटोपून त्यांच्याकडे गेले. त्या कोनाड्यापुढे उभ्या होत्या. नुकतंच तेल घातलं होतं. बोटांनी वात सारली, दिवा नीट लागला. हात तसाच धरून त्या मागे वळल्या. ओटा रिकामा होता. क्षणभर त्यांना हात कुठे ठेवावा ते सुचलं नाही. मग त्यांनी तो माझ्या डोक्यावरून फिरवला. केसांना तेलाचा वास लागला.

"काही राहिलं नाही गं," त्या म्हणाल्या. "माणूस राहिला नाही. पण एक आहे. निदान माझा रोजचा दिवा तरी कधी चुकला नाही."

"नाही, जाऊबाई," मी म्हणाले. "कधीच चुकला नाही."